शेवटचा राक्षस मीच मारला!

तुम्हाला म्हणून सांगते, अख्ख्या बीड बायपासवर विमानाच्या गेममध्ये माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय! हसू नका. मी सरोजिनी वेरूळकर. एका मुलीची आई, पतसंस्थेत नोकरी, चतुर्थ्या-एकादश्या वेळच्या वेळी. वय विचारू नका, विचारलंत तरी सांगणार नाही. पण डाव्या हातात हँडल आणि उजव्या बोटाखाली लाल बटण आलं, की मी पतसंस्थेची बाई राहत नाही, तोफखाना होते!

हे काही फुकट आलेलं नाही. मी नववीत असताना गुलमंडीच्या मागच्या बोळात एक व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. बाहेर गोणपाटाचा पडदा, आत अंधार आणि चार मशिनी. तिथं मुली जात नसत. मी जायचे! घरी वाटायचं, सरू संस्कृतच्या शिकवणीला गेली. सोबतीला थोरला भाऊ श्रीरंगदादा असायचा. त्याचं विमान पहिल्याच भिंतीवर आपटायचं, मग उरलेला वेळ तो माझं दप्तर धरून उभा. पार्लरवाले चाचा कपाळाला हात लावायचे. "अरे बाबा, ये छोकरी का गेम खतमच नै होता! एक कॉइन में शाम कर देती! मेरेकू दुकान चलाना है के नक्को?" पुढं मला बीकॉमला फर्स्ट क्लास मिळाला, पतसंस्थेनं शाल-श्रीफळ दिलं. पण चाचांच्या त्या शब्दांची सर कशालाच नाही.

ज्यांचं आयुष्य या गेमशिवाय गेलं, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं विमान उजवीकडं तोंड करून उडतं आणि पडदा आपोआप सरकत राहतो. थांबायची सोय नाही, मागं फिरायची तर नाहीच. समोरून शत्रूची विमानं ओळीनं येतात. वर-खाली गुहेच्या भिंती, त्यांना नुसतं शिवलात तरी मेलात! काही विमानं पाडली की त्यातून एक चमचमती डबी सुटते. ती घेतली की गोळ्या दुप्पट. दुसरी घेतली की वेग वाढतो. अजून घेतल्या की दोन गोल चेंडू मागं लागतात, आपण जाऊ तिकडं येतात, आपल्याबरोबर गोळ्या झाडतात. लग्नात नवरीच्या मागं करवल्या असतात ना, तसे! आणि एवढं सगळं जमवलं, की कुठूनतरी एक गोळी लागते. संपलं! डब्या गेल्या, चेंडू गेले, वेग गेला. दुसरा जीव मिळतो, पण तो कफल्लक जीव. टिचभर गोळी घेऊन मागच्या टप्प्यापासून पुन्हा सुरुवात. संसार समजून घ्यायला यापेक्षा चांगली पोथी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटी राक्षस! पडदाभर मोठा, चहूबाजूंनी तोफा. अंगावर कुठंही मारा, ढिम्म हलत नाही. फक्त एक जागा असते, मधूनच उघडते आणि लुकलुकते. तिथं मारलं की गडी खलास. शहाणा असता तर ती जागा झाकून नसता का बसला? पण नाही! आपला जीव कुठं आहे ते दिवा लावून दाखवायचं, असा राक्षसांचा नियमच आहे.

आता मुद्द्यावर येते. दोन हजार सोळाचा उन्हाळा. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं, आता छत्रपती संभाजीनगर आहे. पाऊस सलग रुसलेला, जायकवाडीचा तळ दिसायला लागलेला, आणि शहर मात्र दिसेल त्या दिशेला वाढत सुटलेलं. सातारा परिसरात काल जिथं ज्वारी डोलत होती तिथं आज सहा मजले उभे! महापालिकेची पाइपलाइन आमच्यापर्यंत पोचली नव्हती, पण इमारतींची नावं वाचाल तर पूर आल्यासारखं वाटेल. आमची 'गोदावरी हाइट्स'. समोरची 'जलतरंग रेसिडेन्सी'. कोपऱ्यावर 'निर्झर'. आणि पाणी? टँकरचं!

टँकर होते साहेबरावांचे. या भागातल्या जमिनी साहेबरावांच्या, त्यांवर इमारती बांधल्या साहेबरावांनी, आणि विहीरही साहेबरावांचीच. रोज एक टँकर यायचा, तोही गोदावरी आणि जलतरंग दोघांत मिळून. ज्याचा पहिला नंबर त्याची टाकी काठोकाठ, पाणी कसं आरशासारखं. दुसऱ्याला उरलंसुरलं, चहाच्या रंगाचं, वरून गाळ! त्या पाण्यात धुतलेला पांढरा शर्ट घालून आमचे हे बँकेत गेले, तर साहेबांनी विचारलं, "वेरूळकर, होळी झाली ना परवाच?"

त्यामुळं पहिल्या नंबरावरून रोज भांडण. नंबर लावायला दगड ठेवायची पद्धत होती. आम्ही दगड ठेवायचो, जलतरंगवाले तो लाथेनं सरकवायचे. मग त्यांनी दगड ठेवला की आम्ही उचलून... असो. शेवटी एकदा दोन्ही इमारतींतल्या बायकांची अशी जुंपली, की टँकरचा ड्रायव्हर टँकर सोडून पळून गेला. तेव्हा साहेबराव स्वतः आले.

"आरं, काय लावलंय हे! शिकली सवरलेली माणसं तुमी!" ते कमरेवर हात ठेवून म्हणाले. "आता एकदाच काय तो निकाल लावू. आपल्या नव्या क्लब हाऊसात म्या एक गेमचं मशीन आणून ठिवलंय. जुनं हाय, पर फस्क्लास चालतंय. दोन्ही बिल्डिंगीचा एकेक माणूस खेळंल. जो जिंकंल त्याच्या बिल्डिंगीला पावसाळ्यापस्तोर पहिला नंबर! मशीन जो आकडा दाखवील त्योच खरा. वशिला नाय, वादावादी नाय!"

क्लब हाऊस दोन्ही इमारतींच्या मधल्या प्लॉटवर नुकतंच उभं राहिलं होतं, रंगाचा वासही गेला नव्हता. आम्ही सगळे मशीन बघायला आत गेलो. आणि काय सांगू! तेच! गुलमंडीच्या बोळातलं! तोच निळा डबा, तेच हँडल, तेच माझं विमान! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. त्या उन्हाळ्यात आमच्या इमारतीत आलेलं तेवढंच स्वच्छ पाणी.

"गोदावरीकडून मी खेळणार!" मी जाहीर करून टाकलं.

"सरोज," आमचे हे हळूच म्हणाले, "एवढ्या वर्षांनी..."

"अहो, पोहणं विसरतं का माणूस?"

"आपल्याकडं पोहायला पाणी कुठंय?" ते म्हणाले.

आमचे हे, म्हणजे श्रीनिवास वेरूळकर, स्वभावानं गरीब माणूस. पण एका बाबतीत वाघ! गोदावरी हाइट्सच्या पाणी समितीचे अध्यक्ष होते. काम एकच, मोटर लावणं. टँकरचा भोंगा वाजला की हा माणूस भरल्या ताटावरून उठून मोटरीकडं धावायचा. एकदा सत्यनारायणाच्या पूजेत पळीतलं पाणी पळीतच ठेवून गेले होते, गुरुजी संकल्प धरून बसलेले! पण त्यांना तरी एकट्याला का नावं ठेवा? आमच्या भागात सगळ्यांचंच तसं झालं होतं. पाणी आलं की आधी मोटर, मग बाकीचं जग.

मी सराव सुरू केला. मशीन घरी नव्हतं, म्हणून कणकेच्या गोळ्यात लाटणं उभं रोवलं आणि हँडलसारखं फिरवत बसले. तोंडानं गोळ्यांचे आवाज. माझी लेक मृण्मयी सातवीत होती, ती लाजेनं अर्धी झाली. "आई, निदान खिडकी तरी लाव ना!"

"लावणार नाही! बघू दे जलतरंगला, कुणाशी गाठ आहे ते!"

रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये मी इमारतीच्या लोकांना खेळ समजावून सांगायचे. "विमान दिसतं मोठं, पण त्याचा जीव असतो मधल्या एवढ्याशा ठिपक्यात! पंखांना गोळी चाटून गेली तरी काही होत नाही. म्हणून घाबरून पळायचं नाही, गोळ्यांच्या मधून निघायचं!" लोक माना डोलवायचे. तळमजल्यावरच्या नानासाहेबांनी तर आपल्या घरचं ओवाळणीचं ताट आधीच आमच्याकडं आणून ठेवलं. पावसाळ्यापर्यंत पहिला नंबर! प्रत्येक घरानं आपलं धुणं, आपली भांडी, आपली आंघोळ माझ्या दोन हातांवर सोपवली होती. अभिमानानं माझी मान अशी ताठ झाली, की दोन दिवस खरोखर आखडली.

सामना रविवारी दुपारी होता. सकाळपासून लाईट गेलेली. आमच्या रस्त्याला ड्रेनेजसाठी खोदून ठेवलेलं, त्यामुळं टँकर इमारतींपर्यंत येत नव्हता, क्लब हाऊससमोरच उभा राहायचा. तिथंच खिडकीखाली पत्र्याच्या शेडमध्ये दोन्ही इमारतींच्या मोटरी ठेवलेल्या. एक पाइप टँकरमध्ये सोडायचा, दुसरा थेट आपापल्या गच्चीवरच्या टाकीपर्यंत गेलेला. दोन्ही मोटरी एकाच दुकानातून घेतलेल्या, दोन्ही हिरव्या, दोन्हींचे पाइप काळे. लाईट नसल्यामुळं साहेबरावांनी क्लब हाऊसला जनरेटर लावला होता. त्याच्यावर एक कूलर, आणि खिडकीजवळच्या एकमेव बोर्डावर गेमचं मशीन.

कूलरसमोरची, म्हणजेच मशीनच्या अगदी शेजारची खुर्ची गोजरबाईंनी पटकावली होती. गोजरबाई म्हणजे जलतरंगमधल्या अजिनाथरावांच्या आई. गंगापूरकडच्या गावात विहिरी आटल्या म्हणून लेकाकडं आलेल्या. आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलं, त्यामुळं गुडघे पार गेले होते. "म्या आता हितनं हलत नाय," त्यांनी सांगून टाकलं. "गार वारं येतंय. तुमी काय खेळायचं ते खेळा."

जलतरंगकडून उतरला मंदार. पोरगा संगणकातला, पुण्यात नोकरी करून आलेला, गळ्यात हेडफोन. माझ्याकडं बघून गोड हसला. "काकू, तुम्ही आधी खेळता का? म्हणजे लवकर मोकळ्या व्हाल."

काकू! मोकळ्या! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "तू खेळ रे बाळा आधी," मी म्हणाले. "नंतर तुला धीर होणार नाही."

खोटं कशाला बोलू, पोरगा बरा खेळला. पण हावरट! दिसेल ती वेगाची डबी घेत सुटला. अहो, वेगालाही मर्यादा असते! चार राक्षस मारून पाचव्या टप्प्यात गेला तेव्हा त्याचं विमान एवढं सुसाट झालं होतं, की बोट लावलं की या टोकाचं त्या टोकाला. शेवटी स्वतःच गुहेच्या भिंतीत घुसलं. पण प्रत्येक डबीचे वेगळे गुण, त्यामुळं आकडा आला सव्वा लाख. साहेबरावांनी तो खडूनं भिंतीवरच्या फळ्यावर लिहिला आणि सगळी जलतरंग नाचायला लागली.

मी उठले. पदर खोचला, बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या. नानासाहेबांनी "हर हर महादेव" म्हटलं. आमचे हे तेवढे आत नव्हते. ते बाहेर शेडमध्ये पाइप धरून बसलेले. "इथून मोटर सोडून हलायचं नाही" हे त्यांचं नेहमीचं व्रत.

आणि काय सांगू तुम्हाला! हात ठेवला मात्र, बोटांना सगळं आठवलं! तिसऱ्या खांबामागून चार विमानं येतात, आली! पुढं छतातून लाव्हा गळतो, गळला! पहिला राक्षस, गेला! दुसरा, गेला! डब्या मोजक्या, वेग बेताचा, मागं दोन चेंडू करवल्यांसारखे डुलतायत. गोदावरी हाइट्स टाळ्या वाजवतेय. मंदारच्या कपाळावर घाम! एका जागी गोळ्यांची नुसती जाळी आली, तिच्यातून मी विमान असं अलगद काढलं, की गोजरबाई ओरडल्या, "आगं बया! आंगातनं गोळी गेली, तरी जित्ती हाय ही!"

"जीव मधल्या ठिपक्यात असतो, आजी!" मी पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले.

"आसंल बाई. आन् ते डावीकडनं काय येतंय?"

मी डावीकडं बघितलं. काहीच येत नव्हतं. आलं ते उजवीकडून! धडाम! डब्या गेल्या, चेंडू गेले, वेग गेला! गोदावरीवर शोककळा पसरली. आमच्या नानासाहेबांनी गोजरबाईंकडं असं बघितलं, की मला वाटलं आता इथंच दुसरं युद्ध पेटतंय.

पण मी चाचांच्या पार्लरमधली मुलगी! कफल्लक जीव घेऊन, त्या टिचभर गोळीवर पुन्हा उभी राहिले. तिसरा मारला. चौथा मारला. पाचव्या टप्प्यातली ती भिंत, जिथं मंदार आपटला होता, तिला वळसा घालून गेले. पाचवा राक्षस उघडझाप करायला लागला. मी थांबले, थांबले, आणि उघडला तसं पार बोट दुखेपर्यंत बटण बडवलं. फुटला! सगळं क्लब हाऊस दणाणलं. "मारला! वहिनींनी मारला! मारला!"

हा जल्लोष बाहेर शेडमध्ये पोचला, हे मला कुठं ठाऊक? आमच्या ह्यांना वाटलं, झालं! सरोज जिंकली! पहिला नंबर आपला! अजून शेवटचा राक्षस बाकी आहे, अजून माझा आकडा सव्वा लाखाच्या खाली आहे, हे त्यांना कोण सांगणार?

आणि नेमका तेव्हाच बाहेर भोंगा वाजला.

"टँकर आला!"

पुढचं मी कानांनीच ऐकलं, कारण डोळे पडद्यावर. खुर्च्या पडल्या, चपला घासल्या, दार दोनदा भिंतीवर आपटलं. नानासाहेब पळाले. अजिनाथराव पळाले. मंदार हेडफोनसकट पळाला. अहो, साहेबराव पळाले! स्वतःचा टँकर असून! सवय, दुसरं काय!

"मृण्मयी, तू तरी थांब गं!" मी ओरडले.

"आई, बादल्या!" एवढंच म्हणून माझी पोटची पोरगी गेली.

हॉलमध्ये उरलो मी, शेवटचा राक्षस आणि गोजरबाई.

काय तो राक्षस! अख्खी भिंत, आणि भिंतीच्या मधोमध एक डोळा. डोळा उघडला की किरणांचा झोत, मिटला की बारकी विमानं. मी खाली, मी वर, मी दोन किरणांच्या मधून. एकच जीव शिल्लक. मनात पावसाळ्यापर्यंतचा पहिला नंबर, सगळ्या इमारतीचं धुणं, ह्यांचा पांढरा शर्ट. डोळा उघडला. मी सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि मारत सुटले. एकदा भिंतीला तडा. दुसऱ्यांदा धूर. आणि तिसऱ्यांदा डोळा फुटला, भिंत कोसळली, पडदा पांढराफटक झाला!

"मेला व्हय गं?" गोजरबाईंनी विचारलं.

"मेला, आजी! मेला!" मी जागच्या जागी उडाले. बक्षिसाचे गुण माझ्या आकड्यात जमा व्हायला लागले. एक लाख दहा, एक लाख वीस, सव्वा लाख, आणि आकडा त्याच्याही पुढं गेला! एक लाख साठ हजार! मी वळून बघितलं. दाद द्यायला गोदावरीचा एक माणूस नाही. बाहेर नुसता पाइपांचा आणि बादल्यांचा गलबला.

पडद्यावर नाव लिहायची चौकट आली. या मशिनींवर विजेत्याला तीनच इंग्रजी अक्षरं मिळतात. गुलमंडीला माझी ठरलेली होती: एस, आर, जे. ती लिहिली आणि बटण दाबलं की नाव यादीत सगळ्यांच्या वर जाऊन बसतं. मी एस लावला. आर लावला. जे शोधत हँडल फिरवत होते, आणि पडदा काळाकुट्ट झाला!

मी शेजारी बघितलं. खिडकीतून एक हात आत आला होता. त्या हातानं बोर्डातली गेमची पिन उपसून काढली, दुसरी पिन खोचली, बटण दाबलं. बाहेर मोटर घुर्र करून सुरू झाली. हाताच्या बोटात माझ्या माहेरून घातलेली पुष्कराजाची अंगठी होती.

"अहोऽऽ!"

खिडकीत आमच्या ह्यांचा चेहरा उगवला. आनंदानं नुसता फुललेला! "सरोज, मोटर लावली! सगळ्यांच्या आधी! पहिला नंबर आपला! अभिनंदन!"

मी काय बोलले ते छापण्यासारखं नाही. पतसंस्थेच्या वसुली विभागात शिकलेले दोन शब्दही त्यात होते.

माझा आवाज ऐकून सगळे आत परतले. साहेबरावांनी जनरेटरवरून दुसरी वायर ओढून मशीन सुरू करायला लावलं. सुरू झालं, पण अगदी कोरं! यादीत कंपनीनं घातलेली आधीचीच नावं. ती मशिनी वीज गेली की सगळं विसरतात, हे मी तरी ह्यांना आधी कुठं सांगितलं होतं?

"ताई, आकडा कुठंय?" साहेबरावांनी विचारलं.

"होता! एक लाख साठ हजार! शेवटचा राक्षस मारला मी!"

"काकू, शेवटचा राक्षस?" मंदार हसला. "तो कुणाकडून मरत नाही."

"माझ्याकडून मेला!"

"बघितला कुणी?" साहेबरावांनी हॉलभर नजर फिरवली. माझे लोक खाली मान घालून आपापल्या बादल्यांकडं बघत होते. जलतरंगवाले छाती काढून उभे. तेवढ्यात कूलरसमोरून आवाज आला.

"म्या बगितला की!"

सगळे वळले. गोजरबाई! जलतरंगच्या गोजरबाई! अजिनाथराव कळवळून म्हणाले, "आई, तू गप बस ना..."

"का गप बसू? डोळ्यानं बगितलं ते बगितलं. खोटं बोलून पाणी पिऊ व्हय? ही बाई लई भारी खेळली. ती भली मोठी भित्ताड व्हती, तिच्यात डोळा. त्यो फोडला हिनं. म्या इचारलं, मेला का? तर मेला म्हणली, आन् मेलाच व्हता."

मला वाटलं, पाया पडावं या माउलीच्या! नानासाहेबांनी टाळी वाजवली. गोदावरी हाइट्समध्ये एकदम जीव आला. साहेबराव फळ्यावरचा सव्वा लाख पुसायला हात वर करणार, एवढ्यात त्यांनी सहज विचारलं, "मंग आजी, म्होरं आकडा कितीचा आला?"

"आकडा काय दिसला नाय बा, चष्मा घरी ऱ्हायलाय. त्याच्याम्होरं काय झालं म्हणताल, तर ही बाई काईतरी शोधत व्हती, आन् समदं एकदम काळं पडलं. मंजी तवा मेली ही."

"मी मेले नाही, आजी!" मी किंचाळले. "वायर काढली ह्यांनी! मेल्यावर असं काळं होत नाही. मेल्यावर इंग्रजीत पाटी येते!"

गोजरबाईंनी माझ्याकडं दयेनं बघितलं. "आगं पोरी, माणूस मेल्यावर पाटी येती व्हय कुटं? आंधारच पडतो!"

सगळा हॉल हसला. आमच्या गोदावरीचेही हसले, गद्दार! साहेबरावांनी हात खाली घेतला. "ताई, तुमी खेळला आसाल झ्याक. पर आपलं ठरलंय, मशीन जो आकडा दाखवील त्योच खरा. मशीन तुमचा कायबी दाखवत नाय. पावसाळ्यापस्तोर पहिला नंबर जलतरंगचा!"

ढोल नव्हते एवढंच, बाकी जलतरंगनं सगळं केलं. मला रडू फुटणार होतं, पण मी मान ताठ ठेवली. "ठीक आहे," मी सगळ्यांसमोर म्हणाले. "उद्यापासून घ्या तुमचा नंबर. पण आजची टाकी आमची भरतेय! माझ्या मिस्टरांनी तुमच्या नाकावर टिच्चून मोटर लावलीय!"

आमचे हे अभिमानानं पुढं आले. त्याच क्षणी गच्चीवरून कुणीतरी ओरडलं, "भरली, भरलीऽ! टाकी वाहायला लागली! मोटर बंद करा!"

आम्ही सगळे बाहेर धावलो. वर बघितलं. ओरडणारा माणूस गच्चीवर उभा होता खरा, पण ती गच्ची आमची नव्हती. जलतरंगची होती! दोन हिरव्या मोटरी, दोन काळे पाइप, आणि आमच्या पाणी समितीच्या अध्यक्षांनी आनंदाच्या भरात नेमका शेजारचा पाइप टँकरमध्ये सोडून शेजारचीच मोटर लावली होती. माझा गेम बंद पाडून, माझ्याच बोर्डावर, माझ्या नवऱ्यानं स्वतःच्या हातानं शत्रूची टाकी काठोकाठ भरून दिली होती!

टँकरच्या तळाशी काय उरलं ते बघायला नानासाहेब वर चढले. खाली उतरले ते तडक घरी गेले. ओवाळणीचं ताटही त्यांनी परत मागितलं.

संध्याकाळभर मी भांडी आपटत होते. शेवटी तेच म्हणाले, "सरोज, एक विचारू? खरंच मारला होतास शेवटचा?"

"मारला होता!"

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "म्हणून तर मोटर लावली." आता या माणसावर रागवायचं तरी कसं, तुम्हीच सांगा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात गोजरबाई! एक हात गुडघ्यावर, दुसऱ्या हातानं कमरेवर पितळी घागर धरलेली. काठोकाठ भरलेली, पाणी कसं आरशासारखं.

"घे बाई," त्या म्हणाल्या. "तुझ्याच घरवाल्यानं भरलंय. आन् खेळतीस मात्र झ्याक हां तू! मरायच्या आदी."

मी वेरूळकरांची सून. हरलेल्या सामन्याची भीक घेणारी बाई मी नव्हे! ताठ मानेनं मी ती घागर त्यांना तिथल्या तिथं परत दिली. आता भरलेली घागर म्हाताऱ्या बाईला जिन्यावरून परत न्यायला लावणं बरं दिसतं का? म्हणून आधी आमच्या हंड्यात रिकामी करून घेतली, एवढंच.